सांध्याचे व्याकरण : जोडठोकळ्यांच्या रचनेची एक समीक्षा

मुलांनी एकमेकांत जोडून खेळावयाच्या ठोकळ्यांचा विचार करताना लक्ष सामान्यतः ठोकळ्याकडे जाते, सांध्याकडे जात नाही. ठोकळ्याचा रंग, त्याचा आकार, संचातील संख्या आणि पेटीवर छापलेले चित्र यांवरून खेळण्याची योग्यता ठरविली जाते. वस्तुतः दोन ठोकळे जेथे एकमेकांस धरतात तेथेच या खेळण्याचे गुणावगुण साठविलेले असतात. ठोकळा सुंदर असून सांधा वाईट असेल, तर मुलाच्या हाती रंगीत वस्तूंचा एक ढीग येतो. सांधा चांगला असेल, तर ओबडधोबड ठोकळ्यांतूनही रचना उभी राहते. म्हणून जोडठोकळ्यांची समीक्षा ही प्रथमतः सांध्याची समीक्षा असली पाहिजे. प्रस्तुत लेखात तशी परीक्षा करावयाची असून, तिचे स्थान म्हणून अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रमाची स्थापना केली, आणि ग्रामशिक्षण, श्रम व ग्रामनिर्माण यांचा विचार त्यांच्या 'ग्रामगीते'त विस्ताराने आला आहे. गावाने आपल्या गरजा शक्यतो आपल्या हातांनी भागवाव्यात, हा विचार ज्या भूमीत इतक्या आग्रहाने मांडला गेला, तेथील मुलाच्या हाती कोणता सांधा द्यावा हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

१

भाषेच्या अभ्यासकास सांध्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मराठीत 'घोडा' या शब्दास 'ला' हा प्रत्यय सरळ लागत नाही. प्रथम 'घोड्या' असे सामान्यरूप होते आणि मग त्यास 'ला', 'ने', 'चा', 'वर', 'साठी', 'पाशी' यांपैकी काहीही लागू शकते. मूल 'घोड्याला' आणि 'घोड्यावर' ही रूपे सुटी सुटी पाठ करीत नाही. त्यास एकदा 'घोड्या' सापडले की उरलेली सर्व रूपे त्याच्या स्वाधीन होतात. सामान्यरूप हा नामाने प्रत्ययासाठी तयार ठेवलेला सांधा होय. त्याचे सामर्थ्य नवीन शब्द आला म्हणजे विशेष प्रत्ययास येते. 'टेबल' हा शब्द परभाषेतून आला, पण 'टेबलावर' म्हणताना कोणास अडखळावे लागले नाही. 'संगणक' हा शब्द नंतर घडविला गेला, पण 'संगणकात' हे रूप त्याच्याबरोबरच तयार होते. जुना सांधा नव्या अवयवाचे स्वागत करतो. भाषा जिवंत राहते ती अशा सांध्यांमुळे.

जोडठोकळ्यांस हाच न्याय लावला असता चार कसोट्या हाती येतात. पहिली धारणेची : जोडलेले अवयव मुलाने उचलले, हलविले तरी सुटता कामा नयेत. दुसरी मोचनाची : मुलाच्याच बळाने ते सुटले पाहिजेत, आणि सुटल्यानंतर पूर्वीइतकेच जोडण्यायोग्य राहिले पाहिजेत. तिसरी सामान्यतेची : कोणताही अवयव कोणत्याही अवयवास लागला पाहिजे. चौथी स्वाधीनतेची : अवयव हरवला किंवा मोडला तर तो मुलाच्या परिसरातच पुन्हा करता आला पाहिजे. पहिल्या दोन कसोट्या परस्परविरोधी आहेत हे उघड आहे. घट्ट धरणारा सांधा सहज सुटत नाही आणि सहज सुटणारा घट्ट धरीत नाही. रचनाकाराचे कौशल्य या विरोधाचा तोल साधण्यात असते. तिसरी व चौथी कसोटी मात्र बहुधा विसरली जाते, आणि खेड्यातील शाळेपुरते बोलावयाचे तर नुकसान तेथेच होते.

२

बालशिक्षणात ठोकळ्यांस प्रतिष्ठा मिळवून दिली ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने. त्याच्या 'देणग्यां'पैकी तिसरी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन. इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या साहित्यात एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या दहा घनांचा मनोरा आहे. या दोन्ही साधनांत सांधा नाही. अवयव केवळ भाराने एकमेकांवर टेकतात. याचा लाभ असा की मोचन व सामान्यता या दोन्ही कसोट्यांस ती पूर्ण उतरतात, आणि तोल म्हणजे काय हे मूल हातानेच शिकते. उणीव अशी की रचना खालून वर एवढ्याच दिशेने वाढते. पुढे झेपावणारी, लोंबणारी किंवा चाकांवर फिरणारी वस्तू यांतून होत नाही.

याच्या उलट टोकास लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी याने १९०१ मध्ये पेटंट घेतलेले साधन आहे. पुढे १९०७ पासून ते 'मेकॅनो' या नावाने प्रसिद्ध झाले. यात अर्ध्या इंचाच्या अंतराने भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडावयाच्या असतात. धारणेच्या दृष्टीने हा सांधा उत्कृष्ट आहे, आणि सर्वत्र सारखे अंतर राखल्यामुळे सामान्यताही साधली आहे. परंतु तेथे सांधा हा स्वतंत्र अवयव होऊन बसतो. नट हरवला की पट्टी निरुपयोगी ठरते, आणि पाना धरण्याइतके बळ व संयम बोटांत येईपर्यंत मुलास थांबावे लागते. बालवाडीच्या वयासाठी हे साधन नव्हे.

३

या दोन टोकांच्या मध्ये प्लास्टिकच्या खुंटीदार विटेचे स्थान आहे. इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज याने एकमेकांत बसणाऱ्या विटा आधी केल्या होत्या. त्यांच्या आधाराने डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो या कारखान्याने १९४९ मध्ये आपल्या विटा काढल्या. त्या विटा आतून पोकळ असल्यामुळे खालच्या विटेच्या खुंट्या केवळ कडांपाशी धरल्या जात आणि रचना सहज निसटे. हा दोष २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झालेल्या पेटंटाने दूर केला. विटेच्या पोटात नळ्या बसविल्या, त्यामुळे प्रत्येक खुंटी भिंत व नळी यांच्या चिमटीत सापडू लागली. १९६३ पासून ए.बी.एस. हे अधिक टणक व माप न सोडणारे प्लास्टिक वापरात आले. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर ही मापे स्थिर राहिली. म्हणून १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. त्याच कारखान्याने लहान मुलांसाठी १९६९ मध्ये काढलेली डुप्लो वीट प्रत्येक बाजूने दुप्पट आहे, आणि तीही लहान विटेशी जुळते. वर वर्णिलेल्या सामान्यरूपाचा गुण येथे जवळजवळ पूर्णत्वाने आढळतो : नवीन अवयव कितीही आले तरी जुना सांधा त्यांस सामावून घेतो.

या सामान्यतेचे फळ गणिताने दाखविता येते. आठ खुंट्यांच्या दोन सारख्या विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे, आणि सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे. मोजक्या ध्वनींतून अगणित शब्द निर्माण होतात त्याच जातीची ही गोष्ट आहे. अवयवांची संख्या वाढविल्याने समृद्धी आली नाही, सांधा एकच राखल्याने आली, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि या साधनाचा उपयोग ज्या रीतीने केला जातो तिच्याविषयी आक्षेप घेणे भाग आहे. अनेक संच एकाच ठरलेल्या वस्तूसाठी विकले जातात : एक विमान, एक किल्ला, एक गाडी. सोबत पायरीपायरीच्या आकृत्या दिलेल्या असतात. ज्या व्याकरणातून कोट्यवधी वाक्ये होऊ शकतात, त्यातून मुलाकडून एकच वाक्य पाठ करून घ्यावे, असा हा प्रकार आहे. आकृती वाचून रचना करणे हेही शिक्षणच आहे, पण ते वाचनाचे शिक्षण आहे, लेखनाचे नव्हे.

सांध्याच्या मालकीचा प्रश्नही येथेच उद्भवतो. मूळ पेटंटची मुदत संपल्यानंतर विटेच्या आकारालाच व्यापारचिन्हाचे संरक्षण मिळावे असा प्रयत्न झाला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१० रोजी तो अमान्य केला. जो आकार काही कार्य साधण्यासाठीच आवश्यक आहे, त्यावर कायमची मक्तेदारी असू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. प्रत्ययावर कोणाची मालकी असू नये, तसेच हे आहे. अर्थात कायद्याने सांधा मोकळा झाला म्हणून तो गावाच्या हाती आला असे नव्हे. त्यासाठी लागणारी अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासची आहे आणि तिला पोलादी साचा हवा. पहिल्या तीन कसोट्यांस पूर्ण उतरणारी ही वीट चौथ्या कसोटीस उतरत नाही.

४

चौथ्या कसोटीस पूर्णतः उतरणारे जोडखेळणे वऱ्हाडात फार जुने आहे. मात्र त्यास कोणी शैक्षणिक साधन म्हटले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यास, मुले चाकांचा लाकडी नंदी ओढीत नेतात. तो सुताराने घडविलेला आणि पूर्ण झालेला असतो. मुलाने त्यात काही जोडावयाचे नसते. परंतु ज्वारीची कापणी झाल्यावर हीच मुले धांड्यांची बैलगाडी करीत. धांड्याची वरची चिवट साल सोलावयाची, आतील मऊ भेंडाचे तुकडे करावयाचे, सालीच्या काड्यांना टोक काढून त्या भेंडात खुपसावयाच्या. बैल, जू, चाके, साटा हे सारे याच रीतीने उभे राहते. एकाच ताटातून ठोकळाही निघतो आणि खुंटीही निघते. अवयव व सांधा यांचा एवढा निकट संबंध दुसऱ्या कोणत्या साधनात क्वचितच दिसेल. त्याचे मूल्य शून्य आहे, आणि एखादा अवयव हरवण्याची भीतीही नाही.

या खेळण्याचे गोडवे गाऊन थांबणे मात्र समीक्षेस शोभणार नाही. भेंडात काडी एकदा गेली की तेथे भोक पडते. ती काढून पुन्हा खुपसली तर सैल बसते. म्हणजे मोचनाच्या कसोटीस हा सांधा अपुरा आहे. 'घरात' या रूपातून 'घर' जसेच्या तसे निघते, पण 'विद्यालय' या शब्दात 'विद्या' व 'आलय' यांची सीमा पुसून गेलेली असते. धांड्याचा सांधा दुसऱ्या जातीचा आहे. शिवाय भेंड वाळले की ठिसूळ होते, आणि खेळ ज्वारीच्या हंगामापुरताच राहतो. गेल्या काही दशकांत वऱ्हाडात सोयाबीनचा पेरा वाढला आणि ज्वारीचा घटला. शेतातून पीक गेले तसे मुलाच्या हातातून हे साधनही गेले. त्याची नोंद मात्र शिक्षणाच्या कोणत्याही हिशेबात होत नाही.

धांड्याच्या सांध्यातील ही उणीव भरून काढणारी एक रचना अरविंद गुप्ता यांनी केली. पुण्याच्या एका कारखान्यात अभियंता असताना ते १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाड्या यांतून त्यांनी हे साधन घडविले. नळीच्या लहान तुकड्यात दोन्ही टोकांनी गूल काढून टाकलेल्या काड्या घातल्या की सांधा होतो. त्याच तुकड्यास मधोमध काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन दिशांचा सांधा होतो. १९८७ मध्ये त्यांचे आगकाड्यांच्या प्रतिकृतींवरील पुस्तक निघाले. पुढे पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेतील बालविज्ञान केंद्रात ते २०१४ पर्यंत अशीच साधने घडवीत राहिले, आणि २०१८ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली.

या रचनेतील मर्म असे की येथे काडी कठीण आहे आणि सांधा लवचीक. रबर ताणले जाऊन काडीस धरते आणि ओढताच सोडते. त्यामुळे धारणा व मोचन यांतील विरोध मापाच्या सूक्ष्म अचूकतेवाचून मिटतो. दुसरा लाभ शिक्षणाचा आहे. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरपा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. बारा काड्यांचा घन डगमगतो, सहा काड्यांचा चतुष्फलक ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात हे मुलास सांगावे लागत नाही. येथे सांध्याची लवचिकताच गुरू होते. उणीव एवढीच की काडी व नळी दोन्ही फार लहान आहेत. भारतीय मानकानुसार तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातील कोणताही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. नळीचा तुकडा त्यात सहज मावतो. प्राथमिक शाळेच्या मुलासाठी हे उत्तम साधन आहे, अंगणवाडीतील मुलासाठी नव्हे.

५

अंगणवाडीच्या वयासाठी लाकूड सुचते. ते गावात मिळते, सुतारही गावात असतो. परंतु प्लास्टिकच्या विटेची नक्कल लाकडात करावी हा मोह रचनाकाराने टाळला पाहिजे. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, आडव्या दिशेने मात्र ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते. अमरावती-अकोल्याकडे वैशाखात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि श्रावणात हवा ओलसर असते. पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यात एक टक्का फरक पडला तरी तो पाव मिलिमीटर होतो. तेवढ्यात चिमटीवर धरणारी खुंटी वैशाखात गळून पडेल आणि श्रावणात बाहेर निघणार नाही. गावच्या सुतारास हे ठाऊक होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढविली जाई, ती निवताना आकसून आरे व पाटे आवळून धरी. आणि उन्हाळ्यात लाकूड आकसून चाक खिळखिळे झाले की ते पाण्यात भिजत ठेवीत. लाकडाच्या स्वभावाशी भांडावयाचे नाही, त्यास जागा द्यावयाची, हा त्यातील धडा आहे.

म्हणून लाकडी जोडठोकळ्याने चिमटीवर विसंबू नये, आकारावर विसंबावे. सपाट पट्टीस अर्ध्या रुंदीइतकी खोल खाच पाडून दुसऱ्या पट्टीची तशीच खाच तीत आडवी बसवावी. खाच पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित रुंद असावी, म्हणजे दोन्ही ऋतूंत ती चालते. अमेरिकेत १९१६ च्या सुमारास जॉन लॉइड राइट याने खाचांच्या लाकडी ओंडक्यांचे जे खेळणे केले, त्याचे तत्त्व हेच आहे. करवत व पटाशी एवढ्या हत्यारांत हे काम होते. सर्व पट्ट्यांची जाडी एक, खाच एक, आणि लांबी खाचांमधील अंतराच्या पटीत : एवढा नियम पाळला की सामान्यता साधते. अशा सैल सांध्याने रचना उचलून नेता येत नाही हा दोष आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु तीन-चार वर्षांचे मूल बहुधा बसल्या जागी रचते आणि बसल्या जागी मोडते. त्या वयास मोचन धारणेपेक्षा अधिक मोलाचे आहे.

एका व्यावहारिक अडचणीची दखल घेणे येथे अवश्य आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळणी विकण्यास मानक संस्थेचे चिन्ह बंधनकारक झाले. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी केलेल्या खेळण्यांस यातून सूट आहे. मुलांची सुरक्षितता हा या नियमाचा हेतू योग्यच आहे. पण गावच्या सुताराने अंगणवाडीसाठी ठोकळे करून विकावयाचे तर त्याची नोंदणी करवून देण्याचे काम कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे. नाहीतर चौथी कसोटी कागदावरच राहील.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. शहरातील मुलास अचूक वीट आणि खेड्यातील मुलास धांडे व आगकाड्या, अशी वाटणी करून गरिबीचेच गुणगान केले जात नाही काय? तसे होत असेल तर तो अन्यायच होय. अचूक सांध्याचा अनुभव, म्हणजे हलकेच दाबताच दोन वस्तू एक झाल्याची जी बोटांना येणारी खूण, ती स्वतःच एक शिक्षण आहे आणि मोझरीच्या मुलाचा तिच्यावर तितकाच हक्क आहे. येथे मागणी आहे ती स्वस्त खेळण्याची नव्हे. ज्या सांध्यावर मुलाचा आणि त्याच्या गावाचा ताबा चालेल त्या सांध्याची आहे.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेत हा विचार नवा नाही. विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह जे कार्य केले, त्यात माँटेसरीचे तत्त्व राखून महागडी साधने सोडली. बिया, शंख, दगड, पाने यांतून साधने घडविली, आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यांनी साधनांची नक्कल केली नाही, साधनांमागील न्याय ओळखला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांस 'अंगणवाडी' हे नाव मिळाले, त्यामागे हीच परंपरा आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' हा खेळण्यांचा संच प्रसृत केला. खेळणे हे शिक्षणाचे साधन आहे ही गोष्ट आता धोरणानेच मान्य केली आहे. प्रश्न उरतो तो खेळण्याच्या निवडीचा.

बाजारात मिळणाऱ्या निरनिराळ्या संचांचे सांधे पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. एका वर्षी एक संच आला, दुसऱ्या वर्षी दुसरा आला, तर दोन अर्धवट ढीग तयार होतात आणि दोहोंतून पूर्ण रचना एकही होत नाही. हे दोन भाषांतील सुटे प्रत्यय एका वर्गात वाटण्यासारखे आहे. म्हणून शाळेसाठी ठोकळे घेताना रंग व संख्या यांच्या आधी सांध्याचे माप लिहून मागितले पाहिजे, आणि ते माप वर्षानुवर्षे बदलता कामा नये. मोठ्या मुलांसाठी खुंटीदार वीट व नळीकाडी, लहानांसाठी खाचेची लाकडी पट्टी, असे दोन-तीन सांधे एका गावास पुरेसे आहेत. संच शाळेत आला की त्याविषयी दोन प्रश्न विचारले जावेत : हा ठोकळा पुढच्या वर्षी येणाऱ्या ठोकळ्यास लागेल काय, आणि तो मोडला तर गावात कोण करून देईल? या प्रश्नांची उत्तरे ज्या ठोकळ्यापाशी नाहीत, तो कितीही सुबक असला तरी शिक्षणाचे साधन म्हणून अपुराच समजला पाहिजे.